‘आई, तू इथेच बस’ : लहान मुलांची रात्रीची भीती

आमच्या विहारात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बायकांची आरोग्य बैठक असते. गेल्या वेळी रक्तवाढीच्या गोळ्यांवर बोलणं झालं. बैठक संपत आली तेव्हा मागच्या रांगेतली एक सून अडखळत बोलली, “सिस्टर, माझा मोठा साडेचार वर्षांचा आहे. बाळ झाल्यापासून त्याला आजीच्या शेजारी अंथरूण घालते. लाइट बंद केली की किंचाळतो. ‘आई, तू इथेच बस’ म्हणून हात सोडत नाही. बाळाला पाजू की याला धरून बसू?”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तीन सल्ले आले. एक मावशी म्हणाल्या, “मीठ-मोहरीने दृष्ट काढ.” दुसऱ्या म्हणाल्या, “दोन फटके दे, नाटकं करतो.” तिसरीने हळूच सांगितलं, “खोकल्याचं औषध अर्धा चमचा पाज, माझा गप झोपायचा.”

सल्ला देणाऱ्या तिघीही मुलांवर जीव टाकणाऱ्या आहेत. पण तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि तिसरा तर धोक्याचा आहे. त्या दिवशी वेळ कमी होता. म्हणून या वेळचा आरोग्याचा पाठ याच विषयावर लिहिते आहे.

आपल्या घरात ‘एकटं झोपणं’ म्हणजे काय?

पुस्तकांत लिहिलेलं असतं, मुलाला वेगळ्या खोलीत झोपायची सवय लावा. आपल्याकडे दहा बाय बाराच्या एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात. वेगळी खोली आणायची कुठून? आणि आईजवळ झोपणं हा काही दोष नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलं आई-आजीच्या कुशीत झोपत आली आणि मोठी झाली. त्याची लाज वाटून घेऊ नका.

पण आईच्या हातापासून वेगळं होण्याची वेळ आपल्याही मुलांवर येते. घरात दुसरं बाळ येतं. आई रात्रपाळीला जाते, किंवा झाडूच्या कामासाठी पहाटे पाचला निघते. वस्तीचं पुनर्वसन होऊन इमारतीत घर मिळतं आणि मुलाचं अंथरूण आतल्या खोलीत जातं. खोलीत जागा पुरत नाही म्हणून मोठ्या भावंडांबरोबर माळ्यावर झोपावं लागतं. मोठ्यांना हा साधा बदल वाटतो. मुलासाठी रोजचा आधार अचानक सुटलेला असतो.

तेव्हा आपल्याला एवढंच साधायचं आहे : आई हाताशी नसली तरी मुलाला न घाबरता झोप लागावी. हे सगळं दोन-अडीच वर्षांच्या पुढच्या मुलांबद्दल आहे. वर्षाच्या आतलं बाळ आईच्या जवळच, पाठीवर झोपवावं. दोन मोठ्या माणसांच्या मध्ये किंवा दारू प्यालेल्या, झोपेची गोळी घेतलेल्या माणसाशेजारी त्याला कधीही झोपवू नये.

भीती कुठून येते?

साधारण आठ-नऊ महिन्यांपासून बाळाला आई नजरेआड झाली की भीती वाटू लागते. आई आत्ता दिसत नाही म्हणजे ती परत येईल, हे त्याला अजून कळत नसतं. दीड-दोन वर्षांनंतर ही भीती हळूहळू ओसरते.

दोन-तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत मुलाची कल्पनाशक्ती जोरात वाढते. पण मनातलं काय आणि खरं काय, यातला फरक अजून पक्का नसतो. म्हणून खुंटीवरचा शर्ट अंधारात माणूस होतो. पत्र्यावर मांजर धावलं की कोणीतरी आलं असं वाटतं. मूल खोटं बोलत नसतं. त्याला खरोखर तसं दिसतं, तसं ऐकू येतं.

सहा-सात वर्षांनंतर भुताची भीती कमी होते आणि खऱ्या गोष्टींची सुरू होते. चोर येईल का, वस्तीत आग लागेल का, आई मरेल का? शेजारी मयत झालं, वस्तीत मारामारी झाली, बुलडोझर आला, की मुलं रात्री पुन्हा चिकटून झोपू लागतात.

म्हणजे या वयात भीती वाटणं हा आजार नाही आणि लाडावल्याची खूणही नाही. मूल वाढतंय, त्याचाच तो भाग आहे. मात्र ती भीती कमी होणार की घट्ट बसणार, हे बरंचसं आपल्या वागण्यावर ठरतं.

माझ्या हातून झालेली चूक

हे मी पुस्तकातून आधी शिकले, पण मला कळलं ते चूक केल्यावर. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा मी एका दवाखान्यात रात्रपाळी करत होते. तो रडू नये म्हणून मी त्याला टीव्हीसमोर बसवायचे आणि चपला हातात घेऊन गुपचूप निघून जायचे. मला वाटायचं, रडं वाचलं.

महिन्याभरात तो माझा पदर सोडेना. मी मोरीत गेले तरी दाराशी उभा. सुट्टीच्या रात्रीही झोपेना, डोळे मिटले की दचकून मला चाचपायचा. एका रात्री मी चिडून त्याला मारलं. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

वॉर्डातल्या एका वयस्कर सिस्टरला हे सांगितलं. ती म्हणाली, “त्याच्या डोळ्यांदेखत जा. सांगून जा. आणि सांगितलेल्या वेळेला ये.” मग मी रोज त्याला जवळ घेऊन सांगू लागले, “मी आता दवाखान्यात जाते. तू आजीजवळ झोपशील. सकाळी दूधवाला येईल, मग आई येईल.” पहिले चार-पाच दिवस तो दारात गडागडा लोळला. माझ्याच्याने पायऱ्या उतरवत नव्हत्या. पण दहा-बारा दिवसांत त्याला कळलं, दूधवाला आला की आई येतेच. मग तो आजीजवळ शांत झोपू लागला.

मी पळून जात होते म्हणून तो रात्रभर पहारा देत होता. आपला शब्द मुलाला खरा वाटला की त्याला पहारा द्यावा लागत नाही. पुढे जे काही सांगणार आहे, त्याचा पाया हाच आहे.

आधी दिवसाचं काम

रात्रीच्या भीतीवर निम्मं काम दिवसा करायचं असतं. अंधारात, रडारडीत मूल काही शिकत नाही.

दिवसा निवांतपणे विचारा, “रात्री काय होतं तुला? कुठून आवाज येतो?” हसू नका, मधेच तोडू नका. बोलता येत नसेल तर पाटीवर काढून दाखवायला सांगा. “एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?” असं म्हटलं तर मूल भीती लपवतं, पण ती जात नाही. त्याऐवजी म्हणा, “तुला भीती वाटते, मला कळलं. आपण मिळून बघू.”

मग खरोखर बघा. संध्याकाळी मोबाइलची बॅटरी त्याच्या हातात द्या. खुंटीवरचा शर्ट, माळ्याचा कोपरा, पाण्याचा पिंप यांवर त्यालाच उजेड पाडू द्या. लाइट बंद करा, सावली बघा. लाइट लावा, शर्ट बघा. पत्र्यावरचा आवाज मांजराचा, नळाचा आवाज शेजारच्या मोरीचा, हे त्याला ओळखू द्या. वंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. मुलाला ते असंच शिकवायचं. पण “थांब, मी भुताला हाकलते” असं लाडानेही म्हणू नका. त्याचा अर्थ मूल एवढाच घेतं, की भूत होतं आणि आईला ते माहीत होतं. “भूत नसतं. पण भीती वाटते हे खरं आहे,” ही दोन वाक्यं एकत्र सांगा.

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. त्यात तथागत स्वतःच्या भीतीबद्दल बोलतात. बोधी मिळण्याआधी ते रात्री रानात राहायचे. एखादं जनावर जवळून जायचं, मोर काटकी मोडायचा, वाऱ्याने पाचोळा वाजायचा आणि वाटायचं, आलीच ती भीती. ते पळाले नाहीत. चालताना भीती वाटली तर चालत राहून, बसलेले असताना वाटली तर बसूनच त्यांनी ती ओसरू दिली. मुलाला ही गोष्ट जरूर सांगा. सिद्धार्थालाही भीती वाटायची, हे ऐकून लहान मुलांना फार धीर येतो.

आणि आपणच घातलेली भीती काढून घ्या. “झोप नाहीतर बागुलबुवा येईल”, “पोलीस नेईल”, “सिस्टर सुई टोचेल” ही वाक्यं आजपासून बंद. पोलिसाला घाबरलेलं मूल हरवलं तर मदत मागत नाही. सुईला घाबरलेलं मूल लसीच्या दिवशी लपून बसतं, हे मी वर्षानुवर्षं बघितलं आहे. रात्री घरात भुताच्या, खुनाच्या मालिका चालू असतील तर मूल ‘झोपलंय’ असं समजू नका. त्याचे कान जागे असतात.

झोपण्याआधीचा ठरलेला क्रम

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. आपल्याकडे मुलं मोठ्यांबरोबर अकरा-बारापर्यंत जागतात आणि सकाळी शाळेसाठी उठवली जातात. अति थकलेलं मूल जास्त रडतं आणि जास्त घाबरतं.

झोपायची वेळ ठरवा आणि त्याआधी रोज त्याच गोष्टी त्याच क्रमाने करा :

१. जेवण झोपेच्या तास-दीड तास आधी. चार वाजल्यानंतर मुलाला चहा नको. चार वर्षांच्या पुढचं मूल संध्याकाळी पाच-सहाला झोपत असेल तर ती झोप मोडा.

२. झोपेच्या तासभर आधी मोबाइल आणि टीव्ही बंद. मोठ्यांना बघायचाच असेल तर आवाज बारीक करा, पडदा मुलाच्या बाजूला नको.

३. लघवी, दात घासणं, हातपाय धुणं. सार्वजनिक शौचालय लांब असेल तर रात्रीसाठी मोरीत डबा किंवा बादली ठेवा आणि मुलाला ती दाखवून ठेवा. रात्री लघवीला बाहेर अंधारात जावं लागेल, ही भीती अनेक मुलांच्या मनात असते.

४. त्रिसरण-पंचशील म्हणत असाल तर ते, मग एक छोटी गोष्ट. गोष्ट भीमरावाच्या शाळेची असो की कोल्ह्याची, शेवट सुखाचा हवा.

५. आईची जुनी मऊ साडी किंवा तिची गोधडी पांघरायला. त्या कपड्याला आईचा वास असतो. लहान मुलाला त्याने मोठा आधार मिळतो.

६. झिरोचा बल्ब, उजेड भिंतीकडे. अंथरुणाजवळ मेणबत्ती, पणती किंवा डासांची अगरबत्ती ठेवू नका. गोधडी पेटायला वेळ लागत नाही.

एका खोलीच्या घरात शांतता मिळत नाही, हे मला माहीत आहे. मंडळाचा स्पीकर आपल्या हातात नाही. पण दोरीवर जुनी साडी टाकून मुलाचा कोपरा आडोशाचा करता येतो. अर्धा तास घरातली मोठी माणसं हळू बोलू शकतात. एवढ्यानेही फरक पडतो.

मूल घाबरलेलं असेल तर त्याला गरम चहावर फुंकर घालतो तसा श्वास सोडायला शिकवा. नाकाने आत, तोंडाने हळूहळू फुंकर, पाच वेळा. आनापान बसून करणं मोठ्या मुलांचं काम. चार वर्षांच्या मुलाला एवढी फुंकर पुरे.

तीन-चार आठवड्यांचा सराव

एकदम हात सोडवून घेऊ नका. एकेक पायरी तीन-चार रात्री करा. मूल शांत झालं की पुढची पायरी.

पहिली पायरी : मुलाचं अंथरूण तुमच्या अंथरुणाला लागून. झोप लागेपर्यंत हात त्याच्या अंगावर.

दुसरी पायरी : अंथरूण हातभर लांब. हात अंगावर नाही, पण तुम्ही शेजारी बसलेल्या.

तिसरी पायरी : तुम्ही दोन-तीन हात लांब बसून भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. तुम्ही त्याला दिसल्या पाहिजेत.

चौथी पायरी : “मी भांडी घासून येते, मग तुला बघून जाते,” असं सांगून उठा आणि नक्की या. त्याचे डोळे उघडे असोत की मिटलेले, या. सुरुवातीला दोन मिनिटांत, नंतर पाच, नंतर दहा मिनिटांत. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण इथे मूल तुमचा शब्द तपासून बघतं. ‘आता झोपलाच आहे’ म्हणून एकदा जरी आला नाहीत, तर दुसऱ्या रात्री तो डोळे ताणून वाट बघेल.

पाचवी पायरी : अंथरूण जिथे कायम घालायचं आहे तिथे. आजीजवळ, आतल्या खोलीत, जिथे असेल तिथे.

मधे ताप आला, पाहुणे आले, मूल पुन्हा रडायला लागलं तर एक पायरी मागे या. सगळं वाया गेलं असं समजू नका. रात्री उठून तुमच्याकडे आलं तर ओरडू नका आणि लांबलचक गप्पाही नकोत. हात धरून परत त्याच्या जागी न्या, पाठीवरून हात फिरवा, “मी इथेच आहे, झोप,” एवढंच म्हणा. दहा वेळा आलं तर दहा वेळा. आजीने वेगळं, बापाने वेगळं वागून चालणार नाही. घरात आधी सगळ्यांनी ठरवा.

सकाळी कौतुक करा. कॅलेंडरवर त्या तारखेला त्याच्याच हाताने एक फुली मारू द्या. चॉकलेट-खेळण्यांची लाच नको. धाकटं बाळ असेल तर दिवसा पंधरा मिनिटं फक्त मोठ्यासाठी ठेवा. त्या वेळात बाळ आजीकडे किंवा वडिलांकडे. दिवसा आई मिळाली की रात्रीची ओढ कमी होते.

आणि वडिलांनो, हा पाठ फक्त बायकांसाठी नाही. मुलाला झोपवायचं काम तुम्ही आठवड्यातून तीन दिवस घेतलंत तर मुलाला दुसरा आधार तयार होतो. तुम्ही रात्री दारू पिऊन घरी येत असाल, आरडाओरडा होत असेल, तर वर सांगितलेल्या कुठल्याही पायरीचा उपयोग होणार नाही. त्या मुलाची भीती अंधाराची नसते. दारावर थाप कधी पडेल, याची ती भीती असते. घरात मारहाण होत असेल तर ताईंनो, महिला हेल्पलाइन १८१ आहे. सहन करू नका.

झोपेत किंचाळून उठतं तेव्हा

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत.

एक, वाईट स्वप्न. ते बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होतं, आईला ओळखतं, “साप होता” असं सांगतं. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, स्वप्न होतं म्हणून सांगा.

दुसरी, गाढ झोपेतली घबराट. ती झोप लागल्यावर एक ते तीन तासांत होते. मूल अचानक किंचाळून उठतं, डोळे सताड उघडे, घामाघूम, छाती धडधडते, आईलाच ढकलून देतं. ते जागं नसतं, गाढ झोपेतच असतं. काही मिनिटांत शांत होतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हेच बघून लोक म्हणतात, “बाहेरचं लागलं.” लागलेलं काही नसतं. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो, तेव्हा असं होतं. थकवा, ताप, अपुरी झोप असेल तर जास्त होतं. वय वाढलं की बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं.

अशा वेळी गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. फक्त ते पडणार नाही, स्टोव्हवर किंवा भिंतीवर आपटणार नाही, हे बघा. असं होणाऱ्या मुलाला माळ्यावर झोपवू नका. रोज ठरावीक वेळीच होत असेल तर काही दिवस त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी हळूच चाळवून, लघवीला नेऊन परत झोपवा. सकाळी चारचौघांत “रात्री कसा ओरडत होतास” असं सांगून त्याला लाजवू नका.

अंथरूण ओलं होत असेल तर

पाच वर्षांपर्यंत झोपेत लघवी होणं अगदी साधं आहे आणि त्यानंतरही अनेक मुलांना होते. मूल ते मुद्दाम करत नाही. मारल्याने, चटका देण्याने, गल्लीत चादर दाखवण्याने ते वाढतं. झोपण्यापूर्वी तासभर पाणी कमी, दिवसा मात्र भरपूर. पोट साफ होतं का बघा. बद्धकोष्ठतेनेही असं होतं. सहा-सात वर्षांनंतरही चालू असेल, किंवा सहा महिने कोरडं झोपणारं मूल पुन्हा ओलं करू लागलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात कधी न्यायचं?

मूल तोंड उघडं ठेवून मोठ्याने घोरतं, झोपेत श्वास मधेच थांबतो. रात्री शौचाच्या जागी खाज सुटून रडतं (हे बारीक जंतांमुळे होतं). झोपेत हातपाय ताठ होऊन झटके येतात, तोंडाला फेस येतो, जीभ चावली जाते. यापैकी काहीही दिसलं तर सरकारी दवाखान्यात दाखवा. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा पहिलाच झटका असेल, तर १०८ ला फोन करा. जंतांची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत फुकट देतात, ती चुकवू नका.

झोपेसाठी खोकल्या-सर्दीचं औषध, मोठ्यांची गोळी, ब्रँडीचा थेंब, यांतलं काहीही देऊ नका. लहान मुलाचा श्वास त्याने मंदावू शकतो. सर्दीच्या काही औषधांवर तर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं छापण्याचा सरकारचा आदेशच आहे.

एक गोष्ट नीट वाचा

पूर्वी शांत झोपणारं मूल अचानक झोपायला घाबरू लागलं. ठरावीक माणूस घरी आला की बिथरतं, त्याच्याजवळ झोपायला नको म्हणतं. कपडे काढू देत नाही. लघवीच्या जागी दुखतं म्हणतं. असं असेल तर ‘नाटक’ म्हणून सोडून देऊ नका. कोणी त्याच्याशी वाईट वागतंय का, हे बघायलाच हवं. मुलगी असो की मुलगा. आणि हा माणूस बहुधा घरातला, ओळखीचाच असतो.

मूल सांगेल तेव्हा विश्वास ठेवा. “तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,” असं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. त्या माणसापासून मुलाला त्याच दिवशी दूर करा. चाइल्डलाइन १०९८ हा फोन फुकट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. घराण्याची अब्रू मुलापेक्षा मोठी नाही.

ताईत आणि अंगारा

शेवटचं, पण आपल्या घरांतलं. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या भिंतीवर लावलेल्या घरातही मी मुलाच्या गळ्यात ताईत बघते. मूल रात्री रडलं की आई-बापाचा जीव कासावीस होतो, मी समजू शकते. पण ताईत बांधला की मुलाला खात्री पटते, ‘काहीतरी आहे, म्हणूनच बांधलं.’ आणि तो तुटला की भीती दुप्पट. बुवाकडे नेऊन धुरी देणं, मारणं, केस उपटणं हे तर महाराष्ट्रातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या पैशात रिक्षाने दवाखान्यात जाऊन या. घरात बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, ते फुकट आहे.

त्या सुनेला मी त्या दिवशी उभ्या उभ्या दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. दिवसा मोठ्याला पंधरा मिनिटं दे, आणि रात्री ‘बाळाला पाजून येते’ म्हणशील तर नक्की जा. परवा ती नळावर भेटली. म्हणाली, “सिस्टर, अजून रडतो. पण काल मी म्हटलं, पाजून येते, तर म्हणाला, लवकर ये. आणि मी गेले तेव्हा झोपला होता.” मी विचारलं, “झोपला होता तरी गेलीस?” ती म्हणाली, “गेले. साडी नीट पांघरून आले.”

आज रात्री तुमच्या घरी एवढंच करा. मुलाला एक छोटा शब्द द्या, आणि तो पाळा. बाकीच्या पायऱ्या उद्यापासून.

जय भीम! नमो बुद्धाय!